तोंडात खिळे धरण्यापूर्वी

घोडेगावच्या जनावरांच्या बाजारात, आमच्या बाजार समितीच्या कचेरीच्या शेडपासून हाकेच्या अंतरावर एक जुना लिंब आहे. त्याच्या सावलीत दिलावर नालबंद बसतो. बैलांच्या पायांना पत्र्या मारणं हा त्याचा पिढीजात धंदा. बैलाचा खूर दोन फाकांचा असतो, म्हणून एका पायाला लोखंडाच्या दोन पातळ पत्र्या लागतात आणि त्या खिळ्यांनी खुरावर ठोकून बसवतात. खिळा नखाच्या कडेकडेनं गेला तर जनावराला काही कळत नाही. तोच जरा आत वळला तर जिवंत मांसात शिरतो आणि बैल पाय टेकेनासा होतो.

बाजाराच्या दिवशी दिलावरचं काम सुरू होताना पाहिलं, तर नव्या माणसाला हसू येतं. तो आधी तरटाचा तुकडा अंथरतो. त्यावर हातोडी, पक्कड, कानस आणि खूर तासायचं हत्यार आपापल्या जागी मांडतो. लोट्यातल्या पाण्यानं मनगटापर्यंत हात धुतो. बैल आडवा पाडून पाय बांधले, की त्याच्या कुशीवर तळहात ठेवून नुसता बसून राहतो. मग मालकाकडे बघून विचारतो, "काही बोलायचं ऱ्हायलंय का?" मालकानं नाही म्हटलं की मूठभर खिळे ओठांत धरतो. त्यानंतर पाय पुरा होईपर्यंत त्याच्या तोंडून शब्द निघत नाही.

यातल्या काही सवयी माझ्या सांगण्यावरून आल्या. शेवटची मात्र त्याची त्यानं लावून घेतली. ती कशी आली ते सांगण्यासारखं आहे. त्यातलं बरंचसं मला मागाहून कळलं, पण सांगताना क्रमानं सांगतो. माझा सगळा जन्म कागद क्रमानं लावण्यात गेला, त्यामुळे मला दुसरं जमत नाही.

बाहत्तरच्या दुष्काळापर्यंत दिलावर एकटा नव्हता. धाकटा भाऊ मोहियोद्दीन त्याच्याबरोबर असे. बैल दोरानं पाडणं, पाय जखडणं आणि मान दाबून धरणं ही मोहियोद्दीनची कामं, आणि खिळे ठोकणं दिलावरचं. दोघांना एकमेकांशी बोलावं लागत नसे. दिलावरनं हनुवटी हलवली की मोहियोद्दीन पाय वळवून देई. खिळे तोंडात धरायचे हा त्यांच्या वडिलांचा शिरस्ता. खिळे हाताशी राहतात आणि तोंड बंद राहतं, असे त्याचे दोन फायदे ते सांगत. कुणी काही विचारलं तर पाय पुरा झाल्यावर उत्तर द्यावं, गिऱ्हाईक कुठे पळून जात नाही, असं त्यांचं म्हणणं होतं.

दुष्काळ पडला आणि चाऱ्यावाचून लोक जनावरं विकायला काढू लागले. विकायच्या बैलाला पत्र्या कोण मारणार? धंदा बसला. मोहियोद्दीन भिवंडीला कापडाच्या मागावर कामाला जायचं म्हणू लागला. दिलावरला ते आवडलं नाही. एका सकाळी शब्दाला शब्द वाढला आणि दिलावर म्हणाला, "जा. तुझ्यावाचून माझं काही अडत न्हाई." मोहियोद्दीन खरंच गेला. जाताना त्यानं दोर धुऊन, वाळवून, गुंडाळून खुंटीला टांगला होता. दिलावरची बायको रोशनबी मला सांगत होती, की त्या दोराकडे बघून दिलावर दोन दिवस धड जेवला नाही.

मोहियोद्दीनच्या जागी कानिफनाथ आला. अंगानं दांडगा, जिभेनं त्याहून दांडगा. बैलाची मान दाबून धरतानासुद्धा त्याची बडबड चालू. पण माणूस वाईट नव्हता, आणि दुसरं कुणी मिळतही नव्हतं.

त्या सुमारास साळूबाई आपली बैलजोडी घेऊन आली. जवळच्याच एका वस्तीवरची बाई. नवरा दम्यानं खाटेला खिळलेला, त्यामुळे गाडी ती स्वतः हाकायची. रस्त्याच्या दुष्काळी कामावर मजुरांसाठी गाडीतून पाण्याची पिंपं न्यायचं काम तिला मिळालं होतं. दुष्काळात असं काम मिळणं म्हणजे बैलांना सरकारी चारा आणि घराला चूल. खडीच्या रस्त्यावर बैलांचे खूर झिजतात, म्हणून ती पत्र्या मारायला आली होती. जोडीतल्या एकाचं नाव कोसा, दुसऱ्याचं पाखऱ्या.

कोसा झाला. पाखऱ्याचा पुढचा पाय चालू असताना एक गाडीवान तिथे येऊन उभा राहिला. तो भिवंडीला जाऊन आला होता.

"दिलावरभाई, तुमचा मोहिद्दीन भेटला हुता," तो म्हणाला. "लई वाळलाय. म्हनत हुता, भावानंच घराभाईर काढला."

दिलावरनं हूं केलं.

"आमी म्हनलं, आसं कसं. तर म्हनतो, इचारा की त्येलाच."

दिलावरनं तोंडातले खिळे काढले आणि मातीत ठेवले. तिथेच बैलाच्या पायातून उपटलेले जुने खिळे पडले होते.

"मी काढला? त्येचा त्यो गेला. त्येला जाऊन सांग, आईच्या दवापान्याला कोन पळतंय ते बघाय ये म्हनावं. घराभाईर काढला म्हनं."

"माझ्यावर का गरम हुता? मी निरोप्या मानूस."

"मग निरोप घिऊन जा."

गाडीवान गेला. दिलावरनं मातीतला एक खिळा उचलला आणि पाखऱ्याच्या खुराला लावून ठोकला. तो जुन्या खिळ्यांतला होता, टोकाशी किंचित वळलेला. खिळा नखातून जाताना हातोडीचा आवाज टणक येतो. त्याचा आवाज मऊ आला. पाखऱ्यानं पाय ओढला.

"दाब की नीट," दिलावर कानिफनाथवर खेकसला. कानिफनाथनं सगळा भार टाकून मान दाबली. दिलावरनं खिळ्याचं बाहेर आलेलं टोक मुरडलं, घासलं आणि पुढचा खिळा घेतला.

आवाज त्याला कळला होता. खिळा उपटून नवा मारायला फारसा वेळ लागला नसता. पण मागे गिऱ्हाईक उभं होतं, डोक्यात भावाचं बोलणं होतं, आणि बाईमाणसासमोर आपला खिळा चुकला हे दाखवायचं नव्हतं. त्यातलं शेवटचं कारण त्यानं मला सगळ्यात उशिरा सांगितलं.

पुढच्या बाजाराला साळूबाई पाखऱ्याला एकट्यालाच घेऊन आली. बैल तीन पायांवर चालत होता.

"दिलावर, बघ रं बाबा ह्येला काय झालंय. रस्त्याची खडी घुसली जनू."

दिलावरनं पत्री काढली. त्या खिळ्याबरोबर काळं रक्त आणि पू आला. त्यानं खिळा मुठीत घेतला आणि मूठ कोपरीच्या खिशात घातली.

"खडीच लागलीया का?" तिनं विचारलं.

"व्हय, मावशी. खडीच."

दोनच शब्द होते. ते बोलायला त्याला काहीच कष्ट पडले नाहीत, आणि याचंच त्याला पुढे नवल वाटत राहिलं. त्यानं जखम धुतली, गरम तेल आणि हळद भरली, वरून चिंधी बांधली. पैसे घेतले नाहीत. साळूबाईला त्याचं चांगुलपण वाटलं. संध्याकाळी बाजार मोडताना ती परत आली आणि आपल्या विहिरीवरच्या शेवग्याच्या शेंगांची जुडी त्याच्या तरटावर ठेवून गेली. दुष्काळात तेवढं एकच झाड तिच्याकडे हिरवं होतं.

रोशनबीनं त्या शेंगांची आमटी केली. दिलावर ताटावर बसला आणि पोट दुखतंय म्हणून उठला.

पुढच्या आठवड्यापासून त्याचा हात कापू लागला. आधी कुणाच्या लक्षात आलं नाही. खिळा नखावर टेकवला की त्याचं टोक थरथरे. एक खिळा ठोकायला तो तीनदा हातोडी उचलून खाली घेई. गिऱ्हाइकं थोडीच होती, तीही पलीकडच्या नालबंदाकडे जाऊ लागली. कानिफनाथ उघड बोलला.

"दिलावरभाई, बैलाला थंडी वाजती का तुमाला?"

"गप धर."

"मी धरलाच हाय. तुमी मारा म्हंजे झालं."

मी दुपारी लिंबाखाली चहा प्यायला जात असे. शेजारी बसून हे सगळं दिसत होतं. मला वाटलं, भाऊ गेला, धंदा बसला, घरात आई आजारी, त्या काळजीनं माणूस हबकला आहे. असं मलाही झालेलं आहे. वर्षअखेरीला आकड्यांवर आकडे चढू लागले की माझं डोकं भणभणायचं. त्यावर मी स्वतःपुरते काही उपाय शोधले होते, ते मी त्याला सांगितले. टेबल आधी रिकामं करायचं. एका वेळी एकच कागद पुढे ठेवायचा आणि तो हातावेगळा झाल्याशिवाय दुसऱ्याला हात लावायचा नाही. उठून हातपाय धुऊन यायचं. खिडकीतून दिसणाऱ्या लांबच्या एखाद्या झाडाकडे बघत बसायचं, श्वास आपोआप खाली येईपर्यंत.

"दिलावरभाई, गंमत म्हणून करून बघा," मी म्हणालो.

"मला टेबल कुठंय, भाऊसाहेब?"

"तरट आहे ना?"

तो थोडा हसला. बऱ्याच दिवसांनी हसला असावा, कारण कानिफनाथनं मान वळवून पाहिलं.

त्यानं तसं करून बघितलं. हत्यारं ढिगात पडलेली असत, ती मांडू लागला. जुने खिळे उपटले की लगेच डब्यात टाकू लागला. हे मी सांगितलं नव्हतं. ते तो का करतो, हे तेव्हा मला माहीत नव्हतं. हात धुण्याची त्याला सवय होतीच. जुम्म्याच्या दिवशी बाजार टाकून तो नमाजाला जाई, तेव्हा वजू करून, हातपाय-तोंड धुऊन आल्यावर त्याचा हात पुष्कळ शांत असे. तेच त्यानं प्रत्येक बैलाच्या आधी लोट्याभर पाण्यात भागवलं. दुष्काळात लोट्याभर पाणीसुद्धा चैन होती, म्हणून ते पाणी तो लिंबाच्या बुंध्याशी ओते. लांबचं झाड बघण्याचं मात्र त्याला जमेना.

"झाड बघितलं की झाडाखालची मानसं दिसत्यात," तो म्हणाला.

त्याऐवजी त्यानं बैलाच्या कुशीवर हात ठेवायला सुरुवात केली. पाडलेला बैल घाबरलेला असतो, त्याची कूस भराभर वरखाली होते. ती हळू झाली की दिलावर काम सुरू करी.

कानिफनाथला हे सगळं नवीन होतं. "आता बैलाला च्या इचारायचा तेवढा ऱ्हायला," तो येणाऱ्याजाणाऱ्याला सांगे. "बैल म्हनला, साखर कमी टाका, तर आमी काय करायचं?"

पण हात थांबला. मोट थांबल्यावर पाणी निवळतं तसा हळूहळू थांबला. खिळे सरळ जाऊ लागले, आवाज टणक येऊ लागला, दोन-चार गिऱ्हाइकं परत आली. मला बरं वाटलं. आपलं सांगणं कुणाच्या तरी उपयोगी पडलं, याचं समाधान निवृत्तीला आलेल्या माणसाला जरा जास्तच होतं.

मी त्याला तसं बोललो तेव्हा त्यानं चहाचा कप खाली ठेवला.

"भाऊसाहेब, हात थांबला ह्ये बरं झालं न्हाई."

"म्हणजे?"

"कापत हुता तवर वाटायचं, कुनीतरी इचारंल. आता कोन इचारंल?"

मी विचारायला हवं होतं. पण कचेरीतून कुणीतरी हाक मारली आणि मी उठलो. संध्याकाळी एसटीत बसल्यावर ते वाक्य पुन्हा आठवलं. मला वाटलं, भावाबद्दल बोलत असेल.

त्याच्या मनात काय चाललं होतं, ते त्यानं मला नंतर सांगितलं. बैलाच्या कुशीवर हात ठेवला की आपला श्वास शांत होतो, हे खरं होतं. पण शांत झालं की बाकीचं सगळं बाजूला सरतं आणि मधे एकच गोष्ट उरते, तो मऊ आवाज. गडबडीत असताना तो ऐकू येत नसे. आता प्रत्येक बैलापाशी येऊ लागला. हात मात्र सरळ चालत होता. हाताला कसलीच लाज नव्हती, असं तो म्हणाला.

इकडे साळूबाईचं काय झालं होतं, ते त्याच्या कानावर तुकड्यातुकड्यानं येत होतं. बैलाला खडी लागली हे दिलावरनं सांगितल्यावर ती दुसऱ्या दिवशी कामावर गेली आणि मुकादम रंगनाथला सगळ्या मजुरांसमोर बोलली. गाडीवाटेवर धारदार खडी पसरून ठेवलीस, माझा बैल अधू केलास, तुझ्या घरचं जनावर असतं तर टाकली असतीस का, असं बरंच काही. रंगनाथही ऐकून घेणारा नव्हता. त्यानं पाण्याचं काम दुसऱ्या गाडीला दिलं. साळूबाई हातोडा घेऊन खडी फोडायला बसली. तिच्या वयाला ते काम नव्हतं.

दिलावरनं हे ऐकलं होतं. रंगनाथचा काही दोष नाही, हे सबंध तालुक्यात त्याला एकट्यालाच माहीत होतं.

उन्हाळा लागला तशी एका बाजाराला साळूबाई कोशाला घेऊन आली. तिच्या दिराचा एक बैल तिला जोडीला मिळणार होता. गाडी पुन्हा जुंपायची आणि दुसऱ्या कुठल्या कामावर पाणी न्यायला मिळतं का ते बघायचं, असा तिचा बेत होता. तिचे हात चिंध्यांनी बांधलेले होते.

मी त्या वेळी लिंबाखालीच होतो.

"मावशी, हातांला काय झालं?" कानिफनाथनं विचारलं.

"मेंदी काढलीया," ती म्हणाली. "रंगनाथाच्या लग्नाची. मेल्यानं खडी फोडाय बसीवलं. बैलाचा पाय त्येनं घालीवला आन वर माझंच काम काढलं. म्या काय सोडती व्हय. सायबापतुर जानार हाय."

"जावा की. सायेब तरी कवा कामाला येनार?"

दिलावरनं कोशाला पाडून घेतलं. तरटावर हत्यारं होतीच. त्यानं हात धुतले. तळहात बैलाच्या कुशीवर ठेवला. कोसा जुना, शहाणा बैल, लगेच शांत झाला. दिलावरनं खिळे तोंडात धरले आणि एका पायाची पहिली पत्री सरळ, सुबक बसवली. हात जराही हलला नाही. साळूबाई कौतुकानं बघत होती.

"तुझ्यासारखा हात न्हाई बग दिलावर," ती म्हणाली. "पाखऱ्यालाबी तू एवढं केलंस. पैका घेतला न्हाईस. मी घरी रोज तुझं नाव काढती."

दिलावरची हातोडी वरच राहिली. मग त्यानं ती तरटावर ठेवली. तोंडातले खिळे काढले, एकेक करून, आणि हातोडीच्या शेजारी ओळीनं मांडले. कानिफनाथ त्याच्याकडे बघतच राहिला, कारण पाय अर्धा असताना दिलावर आता बोलत नसे.

"मावशी, खडी नव्हती," तो म्हणाला.

"काय?"

"पाखऱ्याला खडी लागली न्हाई. माझा खिळा आत गेल्ता. मला तवाच कळलं हुतं."

लिंबाखाली आजूबाजूला बरीच माणसं होती. साळूबाईला आधी समजलंच नसावं. ती कोशाच्या पायाकडे बघत होती.

"तवाच म्हंजे कवा?"

"मारतानाच. आवाज आला. म्या उपटला न्हाई."

"आन म्या इचारलं तवा?"

"खोटं बोललो."

ती खाली बसली. चिंध्या बांधलेले हात तिनं मांडीवर पालथे ठेवले. मला वाटलं, आता शिव्या देईल. मला वाटतं, दिलावरही तीच वाट बघत होता.

"शेंगा खाल्ल्यास का?" तिनं विचारलं.

"न्हाई, मावशी. म्या न्हाई खाल्ल्या."

"मग कशाला घेतल्यास? माझा म्हातारा मागत हुता. त्येला म्हनलं, दिलावरला दिल्या, त्यानं बैलाचं केलंय."

कानिफनाथनं बैलाची मान सोडून दिली होती, पण कोसा आपला शांत पडून होता. पाय बांधलेला, एक पत्री मारलेली, दुसरी फाक उघडी.

साळूबाई उठली. "आता बैल आसाच ठेवनार हायेस का? घे खिळं तोंडात. पाय पुरं कर."

"मी मारू?"

"मग काय मी मारू? आर्धा बैल घिऊन कुठं जाऊ? मार. पर एक आयकून ठेव. पाखऱ्या उद्या तुझ्या दारात आनून बांधती. बरा कर, नायतर मरस्तवर संभाळ. आन उद्या माझ्यासंगं कामावर यायचं. रंगनाथाला म्या चारचौघांत बोलली, तू चारचौघांत सांग."

दिलावरनं मान हलवली. मग त्यानं पुन्हा हात धुतले, पहिल्यापासून सगळं केलं आणि कोशाचे राहिलेले खूर पुरे केले. प्रत्येक खिळ्याला साळूबाई वाकून बघत होती. आधी कौतुकानं बघत होती तसं नाही.

दुसऱ्या दिवशी तो तिच्याबरोबर रस्त्याच्या कामावर गेला. तिथे मी नव्हतो. कानिफनाथ गेला होता, कारण असं काही चुकवणं त्याच्यानं झालं नसतं, आणि त्यानं ते बाजारभर सांगितलं. दिलावर रंगनाथजवळ जाऊन हळू आवाजात बोलू लागला. रंगनाथनं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "बाईनं शिव्या दिल्या त्या पार म्होरल्या खडीच्या ढिगापतुर आयकू गेल्या. तू खरं माझ्या कानात सांगतोस व्हय? तिथं उभा ऱ्हा आन मोठ्यानं बोल."

दिलावर खडीच्या ढिगावर उभा राहिला आणि मोठ्यानं बोलला. बायका हातोडे थांबवून ऐकत होत्या. त्यांतली एक म्हणाली, "आमच्याबी बैलाला ह्येनंच मारल्यात गं." दुसरी म्हणाली, "बघ मग घरी जाऊन पाय." दिलावर खाली उतरला तेव्हा कुणी त्याला वाट दिली नाही आणि अडवलंही नाही.

साळूबाईनं रंगनाथची माफी मागितली, पण तिच्या पद्धतीनं. "तू न्हाई केलंस ते कळलं," ती म्हणाली. "बाकीचं जे बोलली ते खरंच हाय." रंगनाथला हसू आलं असावं. चार दिवसांनी पाण्याचं काम परत तिच्या गाडीला मिळालं, कोसा आणि दिराचा बैल जुंपून.

पाखऱ्या दिलावरच्या दारात आला. दिलावर रोज सकाळी कडुलिंबाचा पाला उकळून त्याचा पाय शेकत असे आणि संध्याकाळी चिंधी बदलत असे. चाऱ्याची टंचाई. कानिफनाथ राहुरीकडून उसाची वाढी, म्हणजे शेंड्याकडचा पाला, आणायचा, त्यातली पेंढी दिलावर मागून घेई. रोशनबी पहिले काही दिवस नवऱ्याशी बोलली नाही. एकदा मी त्यांच्या घरी गेलो असताना ती म्हणाली, "भाईसाब, मेरे को भी नहीं बताया इसने. शेंगांची आमटी म्या केली, म्या खाल्ली." तिला ते फार लागलं होतं.

धंद्याचं म्हणाल तर तो पार बुडाला. बायकांनी घरोघर सांगितलं, आणि सांगण्यासारखंच होतं. पुढचे कितीतरी बाजार दिलावर तरट अंथरून, हत्यारं मांडून नुसता बसून राही. मी त्याला एकदा म्हटलं, की असं बसून काळजी वाढते, घरी जावं. तो म्हणाला, "न्हाई, भाऊसाहेब. कुनाला बैल परत दाखवायचा आसंल तर मी इथं असाय पायजे." आणि खरंच दोघं-तिघं आपले बैल दाखवायला आले. त्यांच्या पायांत काही नव्हतं. त्यानं प्रत्येक खूर दाबून, ठोकून पाहिला आणि मगच तसं सांगितलं.

बकरीदीला मोहियोद्दीन आला. त्याच्या कानावर सगळं गेलं होतं. गाडीवानाच्या निरोपानं सुरुवात झाली, हेही गेलं होतं. पुढच्या बाजाराला त्यानं दोर घेतला आणि कानिफनाथला बाजूला सारून बैल पाडून दिला. दुसऱ्या दिवशी तो भिवंडीला परत गेला. दिलावर त्याला मोटारीपर्यंत सोडायला गेला होता. तिथे दोघं काय बोलले ते मला माहीत नाही, मी विचारलंही नाही.

पाखऱ्या बरा झाला, पण पुरता नाही. पाऊसकाळ सरल्यावर साळूबाई त्याला घेऊन गेली. सपाटीला तो नीट चालतो. चढाला पुढचा पाय जपून टाकतो, आणि त्याच्या बाजूला गाडी किंचित ओढली जाते. तो लंगडा नाही असं म्हणता येईल. दिलावर तसं म्हणत नाही.

आता गिऱ्हाइकं परत यायला लागली आहेत. सगळी नाहीत. दिलावरच्या सवयी तशाच आहेत. कचेरीतले तरुण कारकून मार्चमध्ये मला विचारतात, की गडबडीत डोकं शांत कसं ठेवायचं. मी त्यांना एका वेळी एक कागद, हात धुणं, लांबचं झाड, हे सांगतो. त्यांचा उपयोग होतो हे मी पाहिलं आहे. पण हल्ली त्याबरोबर एक प्रश्नही विचारतो, की डोकं कशानं तापलंय. काही जण सांगतात.

खिळे तोंडात धरण्यापूर्वी विचारायची सवय त्याला साळूबाईला खरं सांगितलं त्या दिवसानंतर लागली. एकदा तोंड बंद केलं की पाय पुरा होईपर्यंत बोलता येत नाही, म्हणून आधीच विचारून घ्यावं, असं तो लोकांना सांगतो. लोकांनाही ते पटतं. कुणी म्हणतो, जरा मागची कड कमी तास. कुणी म्हणतो, पोरीचं लग्न ठरलं, ये.

साळूबाईही येते. पलीकडे दुसरा नालबंद आहे, पण ती दिलावरकडेच येते. का, ते तिला कुणी विचारलेलं नाही. गेल्या बाजाराला आली होती. पाखऱ्याला पाडलं. दिलावरनं हात धुतले, कुशीवर तळहात ठेवला, आणि पाखऱ्याचा श्वास खाली येईपर्यंत थांबला. पाखऱ्याला वेळ लागतो. मग त्यानं वर बघितलं.

"मावशी, काही बोलायचं ऱ्हायलंय का?"

"माझं काय न्हाई," ती म्हणाली. "तुझं हाय का?"

ती दर वेळी असंच विचारते. आजूबाजूचे ऐकतात, कानिफनाथ हसतो, आणि दिलावर ते ऐकून घेतो. त्यानं पाखऱ्याचा पुढचा पाय हातात घेतला, जुन्या जखमेच्या जागी अंगठ्यानं दाबून पाहिलं. पाखऱ्यानं पाय ओढला नाही.

"न्हाई, मावशी," दिलावर म्हणाला, आणि त्यानं खिळे तोंडात धरले.